वर्णन आणि निवड : डिस्प्ले ब्रिजच्या डिव्हाइस ट्री बाइंडिंगची एक चिकित्सा

गोषवारा

छोट्या संगणकीय बोर्डावर कोणती चिप बसविली आहे, ती कोठे जोडली आहे, तिला वीज व घड्याळ-संकेत कोठून मिळतो, हे कार्यप्रणालीला सांगणाऱ्या लिखित वर्णनास 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. असे वर्णन कोणत्या शब्दांत व कोणत्या शिस्तीने करावे, याविषयीच्या संकेतांना 'बाइंडिंग' ही संज्ञा आहे. हार्डवेअर जसे आहे तसे सांगावे, सॉफ्टवेअरने काय करावे हे सांगू नये, हे या लेखनप्रकाराचे मूलतत्त्व होय. प्रस्तुत निबंधात डिस्प्ले ब्रिज या चिपवर्गाच्या काही बाइंडिंगांची या तत्त्वाच्या आधारे चिकित्सा केली आहे. ज्या बाइंडिंगांनी वर्णन आणि निवड यांतील भेद पाळला ती टिकली, आणि ज्यांनी तो पाळला नाही त्यांचा भार पुढील काळावर पडला, असे प्रतिपादन येथे केले आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्वही शेवटी नोंदविले आहे.

१. प्रस्तावना

'आकाश' टॅब्लेटची योजना शिक्षणक्षेत्रातील बहुतेकांच्या स्मरणात असेल. पहिला आकाश ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे सादर झाला. पुढे प्रकल्पाची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली आणि सुधारित आकाश ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाला. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि ऑलविनर कंपनीचा ए१३ हा प्रक्रियक, असे त्याचे स्वरूप होते. मूळ कार्यप्रणाली अँड्रॉइड असली, तरी आयआयटी मुंबईतील विकासकांनी त्यावर ग्नू/लिनक्स चालविण्याचेही काम केले.

या योजनेच्या यशापयशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. किंमत, पुरवठा, गुणवत्ता आणि अध्यापनातील उपयोग या अंगांनी ती झाली. एक अंग मात्र दुर्लक्षित राहिले. उपकरण निर्मात्याच्या हातून सुटल्यानंतर, आणि त्याने नवी सॉफ्टवेअर आवृत्ती देणे थांबविल्यानंतर, ते पुन्हा चालते करण्यासाठी लागणारी माहिती कोणत्या स्वरूपात उपलब्ध असते? पडदा किती तारांनी जोडला आहे, स्पर्शपटलाची चिप कोणत्या मार्गिकेवर आहे, प्रकाशपट्टीचा कळसंकेत कोठून येतो, हे कोठे लिहून ठेवलेले असते?

ए१३ साठीच्या त्या काळच्या लिनक्स कर्नलला ही माहिती 'फेक्स' नावाच्या मजकुरावरून तयार केलेल्या एका द्विमान फाइलीतून मिळत असे. फेक्स हे बोर्डाचे वर्णनच होते. परंतु ते ऑलविनरच्या स्वतःच्या कर्नललाच वाचता येत असे. त्याहून महत्त्वाचा दोष असा की, त्यात दोन भिन्न प्रकारची विधाने एकत्र नांदत होती. पडद्याची रुंदी, उंची आणि त्याच्या घड्याळाची वारंवारता ही वस्तुस्थिती होती. पण प्रारंभी चित्र कोणत्या पडद्यावर दाखवावे, चित्रस्मृतीचे किती भाग ठेवावेत, सुरुवातीचा उजेड किती असावा, या गोष्टीही त्याच फाइलीत असत. यांतील पहिला प्रकार बोर्डाविषयी सांगतो, तर दुसरा त्या बोर्डाकडून त्या दिवशी काय हवे होते ते सांगतो.

आपल्याकडील सातबारा उताऱ्याच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक होय. गाव नमुना बारा ही पिकांची नोंद होय. दोन्ही एका कागदावर छापले जातात, तरी त्यांची घडण वेगळी असते. यंदा भात घेतले की नाचणी, यावरून जमिनीचा गट क्रमांक किंवा क्षेत्र बदलत नाही. बारामधील मजकूर सातमध्ये शिरला, तर दर हंगामास मालकीच्या नोंदीच अस्थिर होतील. डिव्हाइस ट्री ही हार्डवेअरची 'सात' आहे. तिच्यात 'बारा' किती शिरले आहे, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. डिव्हाइस ट्रीची पार्श्वभूमी

घरगुती संगणकात पीसीआय किंवा यूएसबी मार्गिकेवरील उपकरणे स्वतःची ओळख स्वतः देऊ शकतात. कार्यप्रणाली विचारते आणि उपकरण उत्तर देते. लहान बोर्डावरील आय-स्क्वेअर-सी मार्गिकेवर बसविलेल्या चिपकडे अशी सोय नसते. तिचा पत्ता, तिच्या विजेचा स्रोत, तिला जागे करणारी पिन, हे सर्व कोणीतरी आधीच लिहून ठेवावे लागते.

हे लिहिण्याची झाडासारखी रचना 'ओपन फर्मवेअर' या परंपरेतून आली. त्या परंपरेचे आयईईई १२७५ हे मानक १९९४ चे आहे. २००५ च्या सुमारास पॉवरपीसी प्रक्रियकांसाठी लिनक्सने या रचनेचे सपाट रूप स्वीकारले. एआरएम प्रक्रियकांच्या जगात मात्र दीर्घकाळ प्रत्येक बोर्डासाठी स्वतंत्र सी भाषेतील फाइल लिहिली जात असे. मार्च २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी या अनिर्बंध वाढीविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएम बोर्डांची वर्णने कर्नलच्या संहितेबाहेर, डिव्हाइस ट्रीच्या रूपाने लिहिण्याकडे वेगाने वळण आले. २०१६ मध्ये डिव्हाइस ट्रीच्या स्वतंत्र विनिर्देशाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, हे वर्णन कोणत्याही एका कार्यप्रणालीचे नाही. लिनक्सखेरीज यू-बूटसारखे आरंभक आणि फ्रीबीएसडीसारख्या प्रणालीही ते वाचतात. दुसरी अशी की, जुन्या वर्णनाने नव्या कर्नलवरही काम करावे, अशी अपेक्षा असते. म्हणून एकदा रूढ झालेला गुणधर्म सहजासहजी मागे घेता येत नाही. बाइंडिंगमध्ये चुकीचा शब्द निवडला, तर तो शब्द अनेक वर्षे सांभाळावा लागतो. बाइंडिंगची समीक्षा ही केवळ तांत्रिक तपासणी न राहता भाषिक चिकित्साही ठरते, ती यामुळेच.

३. ब्रिज म्हणजे काय, आणि तो वर्णनास कठीण का

डिस्प्ले ब्रिज हा चित्रसंकेताचा सेतू होय. प्रक्रियकातून चित्र एका रूपात बाहेर पडते, आणि पडद्याला ते दुसऱ्या रूपात हवे असते. समांतर तारांवरील रंगसंकेताचे एचडीएमआयमध्ये, डीएसआयचे एलव्हीडीएसमध्ये, किंवा डीएसआयचे एम्बेडेड डिस्प्लेपोर्टमध्ये रूपांतर करणारी चिप म्हणजे ब्रिज. कोकणात पऱ्ह्यावर टाकलेला साकव जसा दोन्ही काठांवाचून सांगता येत नाही, तसा ब्रिजही दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांवाचून सांगता येत नाही. वर्णनाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

झाडाच्या रचनेत प्रत्येक वस्तूला एकच पालक असतो. ब्रिजची नाती मात्र किमान दोन असतात. एक नाते आज्ञेचे आणि दुसरे चित्राचे. बीगलबोन ब्लॅक या २०१३ साली आलेल्या बोर्डाचे उदाहरण घेऊ. त्याच्यावर टीडीए १९९८८ ही एनएक्सपीची चिप समांतर संकेताचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करते. तिला आज्ञा मिळतात त्या आय-स्क्वेअर-सी मार्गिकेवरून. म्हणून झाडात ती त्या मार्गिकेच्या पोटात बसते. पण तिला चित्र मिळते ते एएम३३५एक्स प्रक्रियकातील एलसीडी नियंत्रकाकडून, आणि हा नियंत्रक झाडात वेगळ्याच फांदीवर असतो. केवळ झाड पाहिले तर चित्र कोठून येते याचा पत्ताच लागणार नाही.

यावर काढलेला मार्ग असा. आज्ञेचे नाते झाडाने दाखवावे, आणि चित्राचे नाते 'पोर्ट' व 'एंडपॉइंट' यांच्या जोडण्यांनी दाखवावे. प्रत्येक उपकरणाला प्रवेशाची व निर्गमाची पोर्टे असतात. प्रत्येक पोर्टात एक किंवा अधिक एंडपॉइंट असतात. प्रत्येक एंडपॉइंट समोरच्या एंडपॉइंटचे नाव घेतो, आणि समोरच्यानेही त्याचे नाव घ्यावे लागते. खरेदीखतातील चतुःसीमांचे हेच तत्त्व आहे. माझ्या जमिनीच्या पूर्वेस तुमची जमीन असेल, तर तुमच्या जमिनीच्या पश्चिमेस माझी असली पाहिजे. एका कागदात आहे आणि दुसऱ्यात नाही, अशा सीमेतून वाद उद्भवतो. परस्परांनी एकमेकांची नोंद घेणे ही ब्रिजच्या वर्णनातील सर्वांत मोलाची शिस्त होय, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

४. उत्तम वर्णनाची दोन उदाहरणे

दोष दाखविण्यापूर्वी गुणांची नोंद घेणे न्याय्य ठरेल.

पहिले उदाहरण 'डम्ब-व्हीजीए-डॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिजचे. काही बोर्डांवर समांतर रंगसंकेताचे व्हीजीएमध्ये रूपांतर रोधांच्या शिडीने किंवा अगदी साध्या परिवर्तकाने केलेले असते. त्याच्यात आज्ञा लिहिण्याची जागा नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तेथे करण्यासारखे काहीच नाही. अशा वस्तूची नोंद करावी का? सॉफ्टवेअरची सोय हीच वर्णनाची कसोटी मानली, तर उत्तर नकारार्थी येईल. परंतु २०१६ च्या सुमारास या निष्क्रिय ब्रिजलाही स्वतःचा नोड, प्रवेश-पोर्ट आणि निर्गम-पोर्ट मिळाले. व्हीजीएच्या खोबणीलाही स्वतंत्र नोड मिळाला. आकाशमध्ये होता त्याच ए१३ प्रक्रियकावर आधारलेल्या, बल्गेरियातील ओलिमेक्स कंपनीच्या ओलिनुक्सिनो बोर्डाचे वर्णन असेच आहे : नियंत्रक, मग मुका ब्रिज, मग खोबण. येथे काहीही 'करावयाचे' नाही. जे आहे ते केवळ सांगितले आहे. बाइंडिंगच्या तत्त्वाचे इतके निर्मळ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

दुसरे उदाहरण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एसएन६५डीएसआय८६ या चिपच्या बाइंडिंगमधील 'नो-एचपीडी' या गुणधर्माचे. पडदा जोडला गेल्याची सूचना देणाऱ्या तारेस एचपीडी म्हणतात. लॅपटॉपसारख्या उपकरणात पडदा कायमचाच जोडलेला असतो, आणि कित्येकदा ही तार ब्रिजपर्यंत आणलेलीच नसते. ती आणलेली नाही, किंवा अन्य कारणाने वापरता येण्याजोगी नाही, हे हा गुणधर्म नोंदवितो. येथे अभावाचे वर्णन झाले आहे. नसलेल्या गोष्टीचीही नोंद करावी, कारण नोंद नसेल तर वाचणारा ती आहे असे गृहीत धरील, ही जाण त्यामागे आहे.

या गुणधर्माच्या निमित्ताने आणखी एक भेद स्पष्ट होतो. डिव्हाइस ट्रीमधील सामायिक वर्णन हे बोर्डाच्या रचनेचे असते, एखाद्या नगाचे नव्हे. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत एखाद्या संचाच्या जोडणीतील पिन गंजून निकामी झाली, तर तेवढ्यावरून त्या बोर्डाच्या सामायिक वर्णनात असा अभाव लिहिता येणार नाही. पाठचिकित्सेत संहिता आणि प्रत यांत जो भेद आपण करतो, तोच येथे करावयाचा असतो. प्रतीतील कसर संहितेवर लादू नये.

५. सदोष वर्णनाची तीन उदाहरणे

५.१ सॉफ्टवेअरच्या कल्पनेला हार्डवेअरचे नाव

बीगलबोन ब्लॅकच्या प्रारंभीच्या वर्णनात एचडीएमआयसाठी एक स्वतंत्र नोड होता. त्याची ओळख 'टीआय, टिलसीडीसी, स्लेव्ह' अशी दिलेली होती. टिलसीडीसी हे लिनक्समधील एका ड्रायव्हरचे नाव, आणि 'स्लेव्ह' ही त्या ड्रायव्हरच्या अंतर्रचनेतील कल्पना. बोर्डावर या नावाची कोणतीही वस्तू नाही. बोर्डावर आहे ती टीडीए १९९८८ ही चिप. म्हणजे वाचकाला वस्तूऐवजी वाचनाची पद्धत सांगितली गेली. नाटकाच्या संहितेत पात्राचे नाव न देता ते करणाऱ्या नटाचे नाव द्यावे, तसा हा प्रकार झाला. नट बदलला की संहिता निरुपयोगी ठरते.

येथेही तसेच घडले. पुढे चिपचा तिच्या खऱ्या नावाने नोड करून तिला पोर्टांनी एलसीडी नियंत्रकाशी जोडण्यात आले. परंतु जुनी वर्णने वापरात होती, आणि त्यांना वाऱ्यावर सोडता येत नव्हते. म्हणून २०१५ मध्ये जुने वर्णन संगणक सुरू होतानाच नव्या रूपात बदलून देणारा एक वेगळा भाग कर्नलमध्ये ठेवावा लागला. एका अयोग्य नामकरणासाठी भाषांतरकार नेमावा लागला, असे म्हणता येईल. ज्यांनी तो भाग लिहिला त्यांची सचोटी येथे दिसते. मूळ नावातील दोष मात्र त्यामुळे झाकला जात नाही.

५.२ तारेच्या नावाखाली पसंती

याच बोर्डासंबंधी दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. एएम३३५एक्सच्या एलसीडी नियंत्रकात एक ज्ञात दोष आहे. १६ बिटांच्या आणि २४ बिटांच्या रीतीत लाल व निळ्या रंगांच्या तारांचा क्रम परस्परांशी जुळत नाही. त्यामुळे बोर्डाच्या आखणीकाराने तारा एका रीतीला अनुकूल जोडल्या, तर दुसऱ्या रीतीत लाल व निळा यांची अदलाबदल होते. म्हणून बाइंडिंगमध्ये 'ब्लू-अँड-रेड-वायरिंग' हा गुणधर्म आला. त्याची मूल्ये दोन : सरळ किंवा उलटसुलट. नोंद नसल्यास जुनी रीत गृहीत धरली जाते, आणि एका रीतीत रंग चुकतात.

गुणधर्माची कल्पना उत्तम आहे. तांब्याच्या रेषा पाहून कोणीही खरे-खोटे ठरवू शकेल, असे हे विधान आहे. परंतु बीगलबोन ब्लॅकच्या प्रत्यक्ष वर्णनात हा गुणधर्म 'सरळ' असा लिहून त्याच्यावर एक टिप्पणी दिली आहे. तिचा आशय असा की, रंगांची दुसरी मांडणी हवी असेल तर येथे 'उलटसुलट' लिहावे, आणि ब्रिजच्या नोडमध्ये टिप्पणी म्हणून ठेवलेली 'व्हिडिओ-पोर्ट्स'ची ओळ चालू करावी.

येथे समीक्षकाला थांबावे लागते. बोर्डावरील तारा तर कारखान्यातच ठरल्या. वाचकाच्या इच्छेप्रमाणे त्या सरळ किंवा उलट होऊ शकत नाहीत. मग वर्णन बदलण्याची मुभा कशी? याचे उत्तर ब्रिजच्या क्षमतेत आहे. टीडीए १९९८८ आपल्या प्रवेशाकडील तारांचे गट आतल्या आत फिरवू शकतो. म्हणजे उलटापालट तारेत झाली नसून चिपमध्ये करवून घेतली जात आहे. चिपकडून काय करवून घ्यावे ही निवड आहे. ती 'वायरिंग' या शब्दाच्या आड लपली आहे. सातच्या रकान्यात बाराची नोंद झाली आहे.

ही नोंद करणाऱ्यांना दोष देणे मात्र योग्य होणार नाही. त्या वेळी नियंत्रक आणि ब्रिज यांनी आपसात रंगांच्या मांडणीविषयी बोलणी करण्याची पुरेशी सोय लिनक्समध्ये नव्हती. जे सॉफ्टवेअरला ठरविता येत नव्हते, ते वर्णनाने ठरविले. २०२० पासून ब्रिजच्या साखळीतील दोन शेजाऱ्यांनी मार्गिकेवरील संकेताचे स्वरूप आपसात ठरविण्याची व्यवस्था कर्नलमध्ये आली आहे. यावरून एक सामान्य नियम हाती येतो : वर्णनात निवड शिरते ती बहुधा सॉफ्टवेअरच्या उणिवेमुळे. उणीव पुढे भरून निघते. वर्णनात लिहिलेले मात्र मागे उरते.

५.३ संख्या आणि क्रम

तिसरे उदाहरण ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडीव्ही७५३३ या ब्रिजचे. २०१५ साली आलेल्या ड्रॅगनबोर्ड ४१०सी वर ही चिप डीएसआयचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करते. डीएसआयमध्ये चित्राचा दत्तांश एक ते चार मार्गांवरून जातो. हे मार्ग किती व कोणत्या क्रमाने जोडले आहेत, हे सांगण्यासाठी एंडपॉइंटमध्ये लिहावयाचा 'डेटा-लेन्स' हा सर्वसामान्य गुणधर्म आधीपासून उपलब्ध होता. एसएन६५डीएसआय८३ सारख्या ब्रिजच्या बाइंडिंगने तो वापरला आहे. एडीव्ही७५३३ च्या बाइंडिंगने मात्र 'एडीआय, डीएसआय-लेन्स' असा स्वतःचा गुणधर्म काढला. तो केवळ मार्गांची संख्या सांगतो, क्रम सांगत नाही. शिवाय तो जोडणीच्या टोकावर नसून चिपच्या नोडवर लिहिला जातो. जोडणीविषयीचे विधान जोडणीपासून दूर गेले. समान अर्थाला दोन शब्द निर्माण झाले, आणि त्यांतील नवा शब्द जुन्यापेक्षा कमी सांगणारा निघाला. परिभाषा घडविणाऱ्या कोणाही भाषाभ्यासकाला हा दोष ओळखीचा वाटेल.

याच बाइंडिंगमध्ये चिपचा अंतर्गत कालरचनाकार बंद करण्याचा एक गुणधर्म आहे. तो बंद केल्यास चिप स्वतः कालरचना न करता डीएसआयवरून येणाऱ्या समकालन-संकेतांवर विसंबते. चिपमध्ये कालरचनाकार आहे, ही वस्तुस्थिती. तो वापरावा की नाही, ही निवड. एखाद्या बोर्डावरील यजमान प्रक्रियकाच्या मर्यादेमुळे ती निवड अपरिहार्य असू शकते, हे मान्य. परंतु मग ती मर्यादा यजमानाच्या वर्णनावरून किंवा ओळखीवरून कळावयास हवी. ब्रिजच्या नोडवर आज्ञार्थी क्रियापद येणे हे लक्षण चांगले नाही. गुणधर्माच्या नावात 'करा' किंवा 'बंद करा' असा अर्थ दिसला की परीक्षकाने सावध व्हावे.

६. एक आक्षेप आणि त्याचा विचार

वर्णन आणि निवड यांतील हा भेद वास्तवात इतका काटेकोर नसतो, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. एलव्हीडीएसच्या तारेवरील विजेचा चढउतार किती ठेवावा हे मूल्य चिपमध्ये सॉफ्टवेअरच लिहिते. पण ते ठरते तारेची लांबी, पडद्याची गरज आणि बोर्डाची आखणी यांवरून. ते निवड आहे की वर्णन? दिसावयास आज्ञा असली, तरी तिचे कारण तांब्यात आहे. म्हणून तिला वर्णनात स्थान देणे समर्थनीय ठरते.

या विचारातून एक कसोटी मांडता येईल. एखादा गुणधर्म बदलण्यासाठी डाग द्यावा लागतो, तार किंवा भाग बदलावा लागतो, की केवळ मन बदलावे लागते? डाग द्यावा लागत असेल, तर तो गुणधर्म डिव्हाइस ट्रीत असावा. मन बदलणे पुरेसे असेल, तर तो अन्यत्र असावा. एलव्हीडीएसचे मूल्य या कसोटीस उतरते, कारण बोर्ड न बदलता ते बदलण्याचे कारण उद्भवत नाही. बीगलबोनवरील 'वायरिंग' उतरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पडद्यावर चित्र आणावयाचे असलेल्या अभियंत्याला या तात्त्विक चर्चेसाठी सवड नसते. हेही खरे आहे. परंतु या क्षेत्रात आता मनुष्याच्या सावधपणावरच सर्व सोडलेले नाही. पूर्वी बाइंडिंग साध्या गद्यात लिहिली जात असत, आणि ती पाळली गेली की नाही हे डोळ्यांनी वाचूनच कळत असे. रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने २०१९ च्या सुमारास ती यामल भाषेतील स्कीमांच्या रूपात लिहिली जाऊ लागली, आणि वर्णन स्कीमाशी जुळते का हे यंत्राने तपासणे शक्य झाले. कोणते पोर्ट अनिवार्य आहे, मार्ग किती असू शकतात, विजेचा स्रोत नोंदविला आहे का, हे आता यंत्र सांगते. मात्र नोंद सत्य आहे की नाही, हे यंत्र सांगू शकत नाही. 'सरळ' आणि 'उलटसुलट' ही दोन्ही मूल्ये स्कीमाच्या दृष्टीने वैधच असतात. व्याकरणशुद्ध वाक्य खरे असतेच असे नाही. तेथे आराखडा हाती घेऊन पाहणाऱ्या माणसाचीच गरज राहते.

७. महाविद्यालयीन संदर्भ

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लहान बोर्ड, टॅब्लेट आणि प्रशिक्षण-संच यांची खरेदी सार्वजनिक निधीतून होते. त्यांचे यंत्रभाग पुष्कळदा सुस्थितीत असतात. निर्मात्याने सॉफ्टवेअर पुरविणे थांबविले की ते कपाटात जातात आणि पुढे निर्लेखनाच्या यादीत येतात. ज्या उपकरणाचे वर्णन खुल्या व सर्वमान्य रूपात उपलब्ध असते, त्याचे आयुष्य निर्मात्याच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही.

ए१३ चा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. या प्रक्रियकासाठीचा प्राथमिक आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ३.८ मध्ये, डिव्हाइस ट्रीच्या आधारे आला. त्याच्या प्रदर्शन-यंत्रणेचा ड्रायव्हर जुलै २०१६ मधील ४.७ आवृत्तीत आला. म्हणजे सुधारित आकाश प्रसिद्ध झाल्यानंतर पडद्यापर्यंतची खुली वाट तयार होण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा एका पदवी अभ्यासक्रमाचा काळ होय. ए१३ वर आधारलेल्या अनेक टॅब्लेटांची व बोर्डांची वर्णने आज लिनक्सच्या मुख्य संग्रहात आहेत. ती ज्यांनी लिहिली त्यांनी आराखडे, फेक्स फाइली आणि प्रत्यक्ष बोर्ड समोर ठेवून लिहिली. फेक्समधील 'सात' वेचून घ्यावी लागली आणि 'बारा' बाजूस ठेवावी लागली. प्रारंभीच हा भेद पाळला असता, तर हे वेचण्याचे श्रम वाचले असते.

यावरून महाविद्यालयांसाठी दोन गोष्टी सुचविता येतील. पहिली, संच खरेदी करताना त्याच्या आराखड्यासोबत डिव्हाइस ट्रीचा मूळ मजकूर मागावा. केवळ द्विमान फाइल पुरेशी मानू नये. दुसरी, इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्राच्या प्रकल्पांत विद्यार्थ्याने ड्रायव्हर चालविण्यापूर्वी एका ब्रिजचे वर्णन आराखड्यावरून स्वतः लिहावे, त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची परस्पर नोंद करावी, स्कीमाने ते तपासावे, आणि प्रत्येक गुणधर्मापुढे त्याचा आधार आराखड्याच्या कोणत्या पानावर आहे हे लिहावे. ज्या गुणधर्माला आराखड्यात आधार सापडत नाही, त्याच्याविषयी वर्गात चर्चा व्हावी. या एका स्वाध्यायातून यंत्र आणि भाषा या दोहोंची शिस्त अंगी बाणेल.

८. निष्कर्ष

(१) डिस्प्ले ब्रिजचे वर्णन आज्ञेच्या आणि चित्राच्या अशा दोन नात्यांनी पूर्ण होते. पहिले झाडाने आणि दुसरे परस्परांची नोंद घेणाऱ्या एंडपॉइंटांनी व्यक्त होते. यांतील दुसऱ्या नात्याची शिस्त हे या बाइंडिंगांचे मोठे बळ होय.

(२) मुक्या ब्रिजची नोंद आणि नसलेल्या तारेची नोंद ही उत्तम वर्णनाची उदाहरणे होत. सॉफ्टवेअरला काम असो वा नसो, जे आहे वा नाही ते त्यांत सांगितले आहे.

(३) ड्रायव्हरच्या कल्पनेस वस्तूचे नाव देणे, पसंतीस तारेचे नाव देणे, आणि प्रचलित शब्द असताना कमी सांगणारा नवा शब्द घडविणे, हे तीन दोष अभ्यासलेल्या बाइंडिंगांत आढळतात. पहिल्या दोषाची किंमत भाषांतरक भागाच्या रूपाने प्रत्यक्ष मोजावी लागली.

(४) गुणधर्म बदलण्यास डाग द्यावा लागतो की मन बदलावे लागते, ही कसोटी बहुतांश प्रसंगी पुरेशी ठरते. यंत्राने होणारी स्कीमा-तपासणी तिला पर्याय नाही.

वर्णन लिहिणारा आणि ते वाचणारा यांची भेट बहुधा कधीच होत नाही. बोर्ड बनविणारी कंपनी बंद पडल्यावर, ड्रायव्हर दुसऱ्यांदा नव्याने लिहिला गेल्यावर, एखाद्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी कपाटातील संच काढून त्याच्या पडद्यावर चित्र आणू पाहील, तेव्हा त्याच्या हाती हे वर्णनच असेल. त्यात तारा जशा आहेत तशा लिहिलेल्या असाव्यात, इतकीच त्याची अपेक्षा असेल, आणि ती रास्त आहे.